बेळगावात एका अनुभवी सिस्टरच्या पगारात दोन नव्या मुली मिळतात, तर लहान रुग्णालयानं नव्याच घ्याव्यात का?

नाही, फक्त नव्या घेऊ नका. प्रत्येक पाळीत, रात्रीच्या तर नक्कीच, एक तरी जुनी सिस्टर हवीच. मी बेळगावातच १७ वर्षं वॉर्डात काम करते, त्यावरून सांगते. नर्सिंगच्या जीएनएम पदविकेची तीन किंवा बीएस्सी पदवीची चार वर्षं करून आलेल्या मुलीला बीपी, नाडी, श्वास सगळं नीट मोजता येतं. पण ऑपरेशन झालेला पेशंट पहाटे उगाच चादर ओढायला लागला, श्वास मिनिटाला १८ वरून २६ वर गेला आणि बीपी अजून ठीक आहे, तर डॉक्टरांना आत्ताच उठवायचं हे जुनीला कळतं. पेशंट आतून बिघडत असला तरी बीपी बहुतेकदा उशिरा पडतं. नवी मुलगी "बीपी नॉर्मल आहे" म्हणून सकाळच्या राउंडची वाट बघते. तिचा दोष नाही, शेजारी विचारायला कुणी नसतं. शिवाय खानापूरची आजी दुखणं मराठीत सांगते, बैलहोंगलचे अज्जा कन्नडमध्ये. दोन्ही भाषांत कळ कुठली आणि ठणका कुठला, हे वॉर्डातच उमगतं.

मात्र नुसती वर्षं मोजू नका. २०१४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या नऊ युरोपीय देशांच्या अभ्यासात, पदवीधर नर्स जास्त तिथे शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू कमी दिसले. आणि नर्समागे एक पेशंट वाढला की मृत्यूची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी वाढली. म्हणून नव्याही घ्याच, पण पहिले तीन महिने रात्रपाळीला एकटीला ठेवू नका आणि शिकवणाऱ्या सिस्टरला त्याचा वेगळा भत्ता द्या.