जपानमध्ये ग्यूदोनच्या स्वस्त दुकानात पहिल्यांदा जाताना काय माहीत असावं?

ग्यूदोन म्हणजे सोया सॉस आणि साखरेच्या गोडसर रश्शात कांद्याबरोबर शिजवलेले बीफचे पातळ काप, गरम भातावर वाढलेले. मात्सुया या साखळी दुकानांमध्ये आधी यंत्रात पैसे भरून कुपन घ्यायचं. तिथे याच पदार्थाला ग्यूमेशी म्हणतात आणि बसून खाल्लं तर मिसो सूप, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या पेस्टचं सूप, फुकट मिळतं. योशिनोया या दुसऱ्या साखळीत बहुधा जागेवर बसून मागवायचं, पैसे निघताना द्यायचे. टिप कुठेच नाही.

पहिल्यांदा ‘नामी’ म्हणजे साधा आकार घ्या, पोट भरतं. रस्सा जास्त हवा तर ‘त्सुयुदाकु’ म्हणा. पण मग भात सुटा होतो, चॉपस्टिकने उचलता येत नाही. वाडगा तोंडाशी धरून खा, तिथे ते रीतीचंच आहे.

कच्चं अंडं घेतलंत तर थेट भातावर फोडू नका, पांढरा बलक गोळ्यागोळ्याने घसरतो. छोट्या वाटीत फोडा, सोया सॉसचे चार थेंब घालून फेटा, मग ओता. टेबलावरचं लाल आलं, बेनी शोगा, फुकट असतं. अर्धा वाडगा संपल्यावर चिमटीभर घ्या. गोडसरपणा छान कापला जातो.

बीफ नको असेल तर योशिनोयामध्ये डुकराच्या मांसाचं बुतादोन मिळतं. शाकाहारी मंडळींनी मिसो सूपही टाळावं, त्यात सहसा माशाचा अर्क असतो.