विद्यापीठाचा एच-इंडेक्स पाहून पीएच.डी.चा निर्णय घ्यावा का?

प्रश्न : माझ्या मुलीला सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात पीएच.डी. करायची आहे. विद्यापीठाच्या शोधनिबंधांची संख्या आणि एच-इंडेक्स यांवरून तिथल्या संशोधनाचा दर्जा ठरवता येईल का?
– एक पालक, सातारा

उत्तर : हे आकडे खोटे नसतात, परंतु आपल्या मुलीच्या निर्णयासाठी ते फारसे उपयोगी नाहीत. एच-इंडेक्सची कल्पना भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज हिर्श यांनी २००५ मध्ये मांडली, ती एकेका संशोधकासाठी. एखाद्याच्या २० निबंधांचा इतरांनी प्रत्येकी किमान २० वेळा संदर्भ घेतला असेल, पण २१ निबंधांना प्रत्येकी २१ संदर्भ मिळालेले नसतील, तर त्याचा एच-इंडेक्स २० होतो. हा आकडा एकदा वाढला की सहसा उतरत नाही. त्यामुळे १९४९ मध्ये स्थापन झालेल्या, अनेक विभाग असलेल्या विद्यापीठाचा एच-इंडेक्स लहान, नव्या संस्थेपेक्षा मोठा असणे स्वाभाविकच आहे.

दुसरे असे की, विद्यापीठाच्या गणेशखिंडीतील आवारात होणारे सगळेच संशोधन विद्यापीठाचे नसते. खगोलशास्त्रातील संशोधन करणारी आयुका त्याच आवारात असली, तरी ती स्वायत्त संस्था आहे.

मानव्यविद्यांच्या बाबतीत तर ही मोजणी मला अन्यायकारकच वाटते. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संस्थेत १९१९ साली सुरू झालेले महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे (अनेक हस्तलिखिते ताडून पाहून पाठ ठरवण्याचे) काम १९६६ मध्ये पूर्ण झाले. इतक्या दीर्घ व्यासंगाचे मोल निबंधांच्या संख्येत कसे मावणार? मराठीतून लिहिलेल्या ग्रंथांचे संदर्भ तर आंतरराष्ट्रीय सूचींत क्वचितच नोंदले जातात.

निव्वळ संख्येच्या हव्यासातून काय होते, हे २०१८ मध्ये दिसले. निकृष्ट दर्जा, चुकीची माहिती अशा कारणांनी विद्यापीठ अनुदान आयोगाला आपल्या मान्यताप्राप्त यादीतून चार हजारांहून अधिक संशोधन नियतकालिके वगळावी लागली. त्यानंतर नियतकालिकांची छाननी करणारा कक्ष याच विद्यापीठात उभा राहिला, ही गोष्ट मात्र विद्यापीठाच्या बाजूने आवर्जून सांगायला हवी.

मुलीने आधी विषय आणि संभाव्य मार्गदर्शक निश्चित करावेत. ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर त्या मार्गदर्शकांच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध शोधावेत आणि त्यांतील किमान दोन पूर्ण वाचावेत. नोंदणी आणि पदवी यांत किती वर्षे गेली, हे त्या विद्यार्थ्यांनाच विचारावे.