बॉल मिल राहू द्या, काटा चांगला घ्या

प्रश्न : दर्यापूर तालुक्यात माझं कुंभारकामाचं छोटं युनिट आहे, गॅसची भट्टी आहे. कप-वाट्यांना तयार ग्लेझ (भट्टीत वितळून भांड्यावर काचेसारखा थर देणारा लेप) लागतं, महिन्याला 10 किलो, 350 रुपये किलोने. कच्चा माल आणून घरी केलं तर किलोला 150 पडतात. बॉल मिल, म्हणजे आतल्या गोळ्यांनी माल दळणारं फिरतं पिंप, 55 हजारांना मिळते आहे. साठवलेले 80 हजार आहेत. घेऊ का?

उत्तर : ताई, ग्लेझ घरी करा, मिल घेऊ नका. तुम्ही दोन निर्णय एकाच दावणीला बांधलेत.

तुमच्या हिशेबाने महिन्याला 2,000 रुपये वाचतात. ते मिसळण्यामुळे वाचतात, दळण्यामुळे नाही. फेल्डस्पार, क्वार्ट्झ, चायना क्ले, व्हायटिंग (खडूची पूड) हा ग्लेझचा सगळा कच्चा माल बारीक दळलेलाच मिळतो. पाण्यात भिजवायचं, ढवळायचं, 80 मेशच्या (इंचाला 80 छिद्रांच्या) चाळणीतून दोनदा गाळायचं, झालं. मिलचे 55 हजार सुटायला सव्वादोन वर्षांच्या वर लागतील, वीजबिल वेगळंच.

काट्यावर मात्र पैसे वाचवू नका. 100 ग्रॅमच्या चाचणीत 1 टक्का कोबाल्ट (निळा रंग देणारं ऑक्साइड) म्हणजे फक्त 1 ग्रॅम. किराणा दुकानातल्या काट्याला तेवढं कळत नाही, 0.1 ग्रॅम दाखवणारा डिजिटल काटा हवा. काटा, चाळणी, झाकणाच्या बादल्या, एन-95 मास्क आणि पहिला माल एवढ्याला 15 हजार बाजूला काढा. आठेक महिन्यांत निघतील. मास्क ऐच्छिक नाही: क्वार्ट्झची धूळ फुप्फुसात साचून सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. सांडलेली पावडर झाडूने नको, ओल्या फडक्याने पुसा. शिसं असलेलं फ्रिट (ग्लेझमध्ये घालायची काचेची पूड) कितीही स्वस्त मिळो, खाण्यापिण्याच्या भांड्यांना नको.

माल घेतानाही हात आवरा. फेल्डस्पार पोत्याने घ्या, तो लागतोच. रंग देणारी ऑक्साइडं 100-200 ग्रॅमच. कोबाल्ट सगळ्यात महाग, त्यात पैसा अडकतो. लोहाचं ऑक्साइड स्वस्त आणि तपकिरी, मधाळ रंग देतं. सुरुवातीला एकच बेस ग्लेझ, म्हणजे रंग घालण्याआधीचं मूळ मिश्रण, पक्कं करा. दहा रंगांचा मोह सगळ्यांनाच होतो.

तुमचा भाग खारपाणपट्ट्यातला. बोअरच्या पाण्यातल्या क्षारांनी ग्लेझ कधी घट्ट होतं, कधी तळाशी बसतं. पावसाचं साठवलेलं किंवा फिल्टरचं पाणी वापरा, नाहीतर दोष रेसिपीला द्याल.

पत्रात एक खर्च राहिला आहे, बिघडलेल्या मालाचा. चाचणीच्या टाइल्स नेहमीच्या भट्टीच्या कोपऱ्यात ठेवा, खाली ओघळ झेलायला जुनी फरशी ठेवा. नुसत्या चाचणीसाठी गॅस जाळू नका. दिवाळीच्या ऑर्डरी यंदा तयार ग्लेझवरच काढा.

पीएम विश्वकर्मा योजनेत कुंभार बसतात. अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंतचं ई-व्हाउचर मिळतं. घरातून एकालाच लाभ मिळतो, तेव्हा आधी कुणी नाव दिलंय का ते बघा. त्यातलं 5 टक्क्यांचं कर्ज मिलसाठी उचलू नका. उरलेले 65 हजार बँकेत मुदत ठेवीत टाका, पण तीन-चार पावत्या करून, म्हणजे गरज पडली तर एकच मोडावी लागेल.