एडिटरचे रंग बघून फसू नको

भावा, एडिटरमध्ये (कोड लिहायचं सॉफ्टवेअर) जावास्क्रिप्टचे रंग वेगवेगळे का, असं विचारलंस ना, इफ, रिटर्न जांभळं न् गेट-एलिमेंट-बाय-आयडी (पानावरचा भाग आयडीनं शोधणारं, ब्राउझरनं दिलेलं फंक्शन) पिवळं दिसतंय म्हणून थीमची सेटिंग उचकत बसू नको. जांभळं ते जावास्क्रिप्टचे स्वतःचे शब्द, म्हणजे कीवर्ड (व्हीएस कोड या एडिटरच्या डार्क प्लस थीममध्ये कॉन्स्ट निळं येतंय, पण ते पण कीवर्डच बरं का), आणि पिवळं म्हणजे नावापुढं कंस दिसला, फंक्शन असणार, एवढाच एडिटरचा अंदाज, मग ते ब्राउझरनं दिलेलं असू दे नाहीतर तू लिहिलेलं.

मी सांगलीत विश्रामबागला रूमवर शिकत होतो तेव्हा गेट-एलिमेंट-बाय-आयडीमधल्या शेवटच्या आयडीतला डी चुकून कॅपिटल पडला, रंग तसाच पिवळा, शंका येणार कुठनं, दोन तास गेले न् चहा पण गार, शेवटी कन्सोल (ब्राउझरमध्ये एरर दिसतात ती जागा) उघडला तर 'इज नॉट अ फंक्शन', म्हणजे असं फंक्शनच नाही.

भाषेचे शब्द न् ब्राउझरनं दिलेली नावं यांतला फरक बघायचाय तर 'व्हार अलर्ट = 5' लिही, चालतंय, फक्त नंतर अलर्टची खिडकी उघडत नाही. 'व्हार इफ = 5' लिहिलंस की लगेच सिंटॅक्स एरर, म्हणजे लिहिण्यातच चूक. आणि तुझी फाईल नोडमध्ये (ब्राउझरशिवाय जावास्क्रिप्ट चालवणारं सॉफ्टवेअर) चालवून बघ, इफला काय होत नाही, पण डॉक्युमेंट (पानासाठी ब्राउझर देतो ते नाव) आलं की 'इज नॉट डिफाइन्ड', तिथं ब्राउझरच नाही तर देणार कोण? अडलं तर कन्सोलचा स्क्रीनशॉट टाक, एडिटरचा नको.