मीठ आणि साखर दोन्ही पांढरे स्फटिकच, मग कढईत साखर वितळते आणि मीठ का वितळत नाही?

कारण मिठाला रेणूच नसतो! हेच वाक्य मी दहावीच्या चाचणीत लिहिलं आणि दोन मार्क गेले, म्हणून हा प्रश्न दिसल्यावर राहवलं नाही.

प्रश्न होता, 'मिठाच्या रेणूची आकृती काढा'. मी आख्खा बुद्धिबळाचा पट काढला, सोडिअम क्लोराईड सोडिअम क्लोराईड, आणि खाली लिहिलं की प्रत्येक सोडिअमभोवती सहा क्लोराईड आणि प्रत्येक क्लोराईडभोवती सहा सोडिअम, मग जोडी कुणाची कुणाशी लावायची? (चुलतभावाच्या बीएस्सीच्या पुस्तकात बघितलं होतं, कबूल.) सरांनी पेपर वर्गात फिरवला, "यांच्या मिठाला रेणूच नाही, मग भाजीत काय घालता रे?" पोरं महिनाभर मला 'अळणी' म्हणायची.

पुढे कॉलेजात कळलं की ब्रॅग या भौतिकशास्त्रज्ञ बापलेकांनी, त्यातही मुख्यतः लेकाने, क्ष-किरण वापरून 1913 मध्येच हे दाखवलं होतं, 1915 चं नोबेलही मिळालं, आणि तरी 1927 मध्ये हेन्री आर्मस्ट्राँग या 79 वर्षांच्या नामांकित रसायनशास्त्रज्ञाने 'नेचर'मध्ये पत्र लिहून याच पटावर तोंडसुख घेतलं. म्हणजे आमचे सर एकटे नव्हते. पण आर्मस्ट्राँगने निदान माझे मार्क तरी कापले नाहीत.

हां, तुमचं उत्तर. साखरेत खरोखरचे रेणू असतात, रेणूच्या आतले सहसंयुज बंध (अणूंनी इलेक्ट्रॉन वाटून घेतलेले) दणकट पण एक रेणू दुसऱ्याला नुसत्या हायड्रोजन बंधांनी, म्हणजे त्यामानाने कमजोर ओढीने, धरून असतो, ते 186 अंशांच्या आसपास सुटतात (साखरेचं विघटनही तिथेच सुरू होतं, म्हणून चिक्कीचा पाक तांबूस होतो). मिठात असा कच्चा सांधाच नाही, सोडिअम धन भाराचा, क्लोराईड ऋण भाराचा, सगळीकडून विरुद्ध भारांची ओढ, म्हणून 801 अंश लागतात. खारे दाणे तापलेल्या मिठात भाजतात ते उगाच नाही. मुलांना शिकवत असाल तर एवढं करा, मिठाचं सूत्र NaCl म्हणजे फक्त सोडिअम-क्लोराईडचं 1:1 प्रमाण असं सांगा, आणि पोराने पट काढला तर मार्क द्या.

आता खरं सांगायचं तर मिठाची वाफ केली, 1400 अंशांच्या वर, तर त्यात सोडिअम-क्लोरीनच्या सुट्या जोड्या सापडतात आणि त्यांना रेणूच म्हणतात. पण चाचणीत वाफेचं विचारलं नव्हतं.