एमएस्सीच्या प्रोजेक्टमध्ये कॅटॅलिटिक ऑक्सिडेशन (कॅटॅलिस्टच्या मदतीने ऑक्सिडेशन) आणि औषधांचं एसएआर (मॉलिक्यूलची रचना बदलली की औषधाचा परिणाम कसा बदलतो ते) दोन्ही आहे, पण या दोघांचा एकमेकांशी संबंध काय?

मलाही पहिलं वर्षभर हे दोन वेगळे विषयच वाटायचे. गाईड म्हणाले म्हणून सकाळी ऑक्सिडेशन लावायचं आणि दुपारी एसएआरच्या टेबलात रिंगवर कोणता गट आहे, मिथाईल की मेथॉक्सी, ते भरत बसायचं. डोक्यात उजेड पडला तो ओमेप्राझोलमुळे, तीच आपली मेसच्या जेवणावरची ॲसिडिटीची गोळी.

हे सल्फॉक्साइड आहे, म्हणजे सल्फरवर एक ऑक्सिजन, आणि तो शेवटच्या स्टेपला सल्फाइडचं ऑक्सिडेशन करून बसवतात. तो नसेल तर पोटातल्या ॲसिडमध्ये मॉलिक्यूलची जी उलथापालथ होऊन प्रोटॉन पंपाला (पोटात ॲसिड सोडणाऱ्या प्रोटीनला) चिकटणारं रूप तयार होतं, ते होतच नाही. दोन ऑक्सिजन बसले की झालं सल्फोन, तेही कामातून गेलं. मी असंच एक सल्फाइड बर्फाच्या बाथवर लावून चहाला गेलो, गप्पांत तास गेला, बर्फाचं पाणी झालं, आणि टीएलसीवर (मिश्रणातले पदार्थ वेगवेगळे स्पॉट म्हणून दाखवणाऱ्या प्लेटवर) वरचा सल्फाइडचा स्पॉट गायब, खाली सल्फॉक्साइडचा जेमतेम आणि मधे सल्फोनचा हा ठसठशीत! आठवडाभराचं मटेरियल गेलं. एसएआर म्हणजे काय ते त्या प्लेटने शिकवलं असं म्हटलं तरी चालेल. बाकी एसएआर पिरिडीन रिंगवर आहे, आधीच्या टिमोप्राझोलमध्ये ती मोकळी होती, ओमेप्राझोलमध्ये दोन मिथाईल आणि एक मेथॉक्सी आले, त्यामुळे रिंगमधल्या नायट्रोजनचा बेसिक जोर वाढला आणि ॲसिडमधलं ते रूप पटकन बनायला लागलं.

आता खरी गंमत. हा सल्फर कायरल आहे, म्हणजे मॉलिक्यूलची आरशातल्या प्रतिमेसारखी दोन रूपं असतात, आर आणि एस आयसोमर. शार्पलेस या केमिस्टनी १९८० मध्ये टायटॅनियम आणि टार्ट्रेट वापरून एकाच हाताचं इपॉक्सिडेशन (डबल बाँडवर ऑक्सिजन बसवणं) केलं (२००१ चं नोबेल त्यांना कायरल कॅटॅलिटिक ऑक्सिडेशनसाठीच मिळालं), कागान या केमिस्टनी १९८४ मध्ये तीच सिस्टीम थोडी बदलून सल्फाइडवर चालवली, आणि पुढे त्यातूनच एसोमेप्राझोल, म्हणजे ओमेप्राझोलचा नुसता एस आयसोमर, बनवायला लागले, क्युमीन हायड्रोपेरॉक्साइड घालून, ९४ टक्क्यांच्या वर ईई (एक आयसोमर दुसऱ्यापेक्षा किती जास्त आहे त्याचं माप). पण रक्तातून पंपाजवळच्या ॲसिडमध्ये पोचल्यावर दोन्ही आयसोमर एकाच अकायरल (आर-एस भेद नसलेल्या) रूपात जातात, म्हणजे पंपावर फरक शून्य! मग एवढा खटाटोप कशाला? फरक पडतो लिव्हरमध्ये. तिथलं सीवायपी२सी१९ एन्झाइम आर आयसोमरला जास्त भराभर ऑक्सिडाइज करतं आणि एस जास्त वेळ रक्तात राहतो. म्हणजे फ्लास्कमधलं कॅटॅलिटिक ऑक्सिडेशन औषध बनवतं आणि लिव्हरमधलं ते संपवतं.

लिव्हरचा हाच खेळ जुन्या डायबेटिसच्या औषधांत बघा, टॉल्ब्युटामाइडच्या रिंगवर मिथाईल आहे, लिव्हर ते ऑक्सिडाइज करतं, हाफ लाइफ (रक्तातलं औषध निम्मं व्हायला लागणारा वेळ) काही तास. क्लोरप्रोपामाइडमध्ये तिथे क्लोरीन, ते ऑक्सिडाइज होत नाही, हाफ लाइफ साधारण दीड दिवस (शेपटीची साखळीही थोडी वेगळी आहे, पण मुख्य फरक या जागेचा).

म्हणून तुमच्या एसएआरच्या टेबलात ॲक्टिव्हिटीशेजारी एक कॉलम वाढवा, लिव्हर मायक्रोसोम्समध्ये (लिव्हरच्या पेशींतून काढलेल्या, ही एन्झाइम्स असलेल्या तुकड्यांत) कंपाउंड किती टिकतं त्याचा. आणि ऑक्सिडेशन लावून चहाला जाऊ नका.