क्रीम ट्रॉल्यांशेजारी कुठली टाईल, कुठला रंग?

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही खानापूर तालुक्यातले. सासऱ्यांनी बांधलेलं जांभ्या दगडाचं घर आहे, त्यातलं स्वयंपाकघर यंदा नवीन करायला घेतलंय. कट्टा काळ्या ग्रॅनाइटचा, एल आकाराचा, दोन्ही बाजू धरून चौदा फूट. वरच्या-खालच्या ट्रॉल्या बसवून झाल्या, त्यांचा रंग क्रीम. जमीन जुनीच, तांबड्या ऑक्साइडची. सासूबाई ती फोडू देत नाहीत. खिडकी एकच, उत्तरेला, आणि समोर फणसाचं झाड. आता कट्ट्यामागच्या टाईल्सवर येऊन घोडं अडलंय. सासूबाई म्हणतात, पांढरीशुभ्र लावा, डाग लगेच दिसला पाहिजे. पुण्याच्या जाऊबाई ग्रे म्हणतात. दुकानदार फळांची चित्रं असलेले हायलायटर पुढे करतो. भिंतींना रंग कुठला द्यायचा तेही कळेना. गणपतीच्या आधी सगळं उरकायचं आहे.
— एक वाचक भगिनी, खानापूर तालुका

उत्तर : ताई, आधी सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. ती जमीन त्यांनी राखली हे फार चांगलं केलं. तसा घोटून घोटून चकाकी आणणारा गवंडी आता शोधून सापडत नाही. टाईल्सचं काम सुरू होईल तेव्हा तिच्यावर जाड प्लास्टिक आणि वर पोती अंथरायला लावा, आणि नंतर सांडलेलं सिमेंट काढायला कुणालाही अॅसिड वापरू देऊ नका. ऑक्साइडचा रंग त्याने कायमचा उडतो.

आता रंगाचं. तुमच्या स्वयंपाकघरात चार गोष्टी ठरून गेल्या आहेत : तांबडी जमीन, काळा कट्टा, क्रीम ट्रॉल्या आणि उत्तरेचा उजेड. टाईल या चौघांशी जमली पाहिजे, एकट्या ट्रॉलीशी जुळवून भागणार नाही. दुकानात आपण ट्रॉलीचा तुकडा टाईलला लावून बघतो आणि खूश होतो. घरी आल्यावर जमिनीचा तांबूस उजेड खालच्या शटरवर पडतो आणि तेच क्रीम गुलाबीसर दिसायला लागतं.

पांढऱ्या टाईलबद्दल सासूबाईंचा मुद्दा स्वच्छतेचा आहे आणि तो मला मान्य आहे. अडचण वेगळी आहे. समोर जे सगळ्यात पांढरं असतं, त्याला डोळा पांढरं मानतो आणि बाकीचं त्याच्याशी ताडून बघतो. आजकालच्या पांढऱ्याशुभ्र टाईलमध्ये बहुधा निळी झाक असते. तिच्याशेजारी क्रीम ठेवलं की ते पिवळट, जुनाट, तेलकट हाताचं वाटतं. नव्या कोऱ्या ट्रॉल्या पहिल्याच दिवशी वापरलेल्या दिसाव्यात, हे मला बघवत नाही. डाग तर कुठल्याही फिकट, गुळगुळीत टाईलवर लगेच दिसतो, त्यासाठी शुभ्रच हवी असं नाही.

ग्रे रंग पुण्याच्या जाऊबाईंकडे छान दिसत असेल, त्यांच्याकडे उजेड वेगळा. उत्तरेच्या खिडकीतून थेट ऊन येत नाही, आभाळाचा निळसर उजेड येतो. त्यात तुमच्याकडचा पाऊस. कणकुंबीच्या बाजूला जूनपासून सप्टेंबरपर्यंत कसं अंधारून असतं ते मी तुम्हाला काय सांगणार! त्यातून दारात फणस. अशा उजेडात ग्रे सिमेंटसारखा थंड पडतो आणि क्रीमचा पिवळेपणा उलट वर येतो. हेच स्वयंपाकघर अथणीच्या लख्ख उन्हातलं असतं, तर मी कदाचित मातकट झाक असलेला ग्रे चालेल म्हणाले असते.

फळांच्या हायलायटरला मात्र माझा साफ नकार. चित्रातले लाल-पिवळे रंग तांबड्या जमिनीशी भांडतात, आणि पाच-सहा वर्षांनी एखादी टाईल फुटली की ते चित्र बाजारात मिळत नाही.

आणखी एक मोह टाळा, तो म्हणजे क्रीमला जवळजवळ तशीच क्रीम टाईल. अगदी तंतोतंत जुळत नाही आणि वेगळीही दिसत नाही, अशी टाईल बघणाऱ्याला चुकल्यासारखी वाटते. एक तर फरक स्पष्ट ठेवा, नाही तर रंगच निराळा घ्या. तुमच्या घरासाठी मी निराळा घेईन : फिका, धुरकट हिरवा. शेवग्याचं पान उलटं करून बघा, पाठीमागचा तो रंग. तांबड्याला हिरवा मुळातच साथ देतो. तो फिका असला की क्रीम पिवळं न दिसता सायीसारखं उबदार दिसतं आणि काळा कट्टाही अंगावर येत नाही. पोपटी नको, पिस्ताही नको. त्यात पिवळा जास्त असतो. घरात हिरवा कुणाला नकोच असेल, तर ट्रॉलीपेक्षा दोन-तीन छटा गडद असा वाळूचा रंग घ्या. तोही शोभेल, पण माझं मन हिरव्यावर आहे.

टाईल ग्लॉसी घ्या. एवढुशा उजेडाला ती हात देते आणि फोडणीचे शिंतोडे ओल्या फडक्याने निघतात. मॅट टाईलच्या खरखरीत अंगात तेल बसतं, तिथे रोज घासत बसावं लागतं.

माप एक फूट बाय दोन फुटांचं घ्या, म्हणजे ३०० बाय ६०० मिलिमीटर. कट्टा आणि वरच्या ट्रॉल्या यांत साधारण दोन फुटांचं अंतर ठेवतात. तुमचं मोजून घ्या. तेवढंच असेल तर टाईल उभी लावली की एकाच टाईलमध्ये उंची भागते आणि शेगडीमागे आडवा सांधा राहतच नाही. हळद आणि मिरची आधी सांध्यातच शिरते, आणि आपल्याकडे संकेश्वरी मिरचीची फोडणी काय रंग सोडते ते तुम्हाला माहीत आहे. चौदा फुटांना पंधरा टाईल्स लागतील. कापताना फुटणाऱ्या धरून तीन-चार जास्त घ्या आणि उरलेल्या माळ्यावर जपून ठेवा. खोक्यावर शेड नंबर आणि बॅच छापलेली असते, ती सगळ्या खोक्यांवर एकच आहे ना हे गाडीत माल चढण्याआधी बघा. एकाच नावाच्या दोन बॅचमध्ये फरक पडतो.

सांधे भरायला इपॉक्सी ग्राउट वापरा. सिमेंटच्या ग्राउटपेक्षा महाग पडतं, पण ते पाणी आणि तेल पीत नाही. चौदा फुटांच्या पट्टीला लागणार किती? रंग टाईलच्या जवळचा, एक छटा गडद. पांढरं ग्राउट भरू देऊ नका.

पसंत करताना सुताराला सांगून एका ड्रॉवरचं पुढचं फळकूट सोडवून घ्या आणि ते घेऊन दुकानात जा. मोबाईलमधल्या फोटोवर भरवसा ठेवू नका. दोन-तीन नमुने घरी आणा आणि कट्ट्यावर भिंतीला टेकवून उभे करा. हातात आडवी धरलेली टाईल उजळ दिसते, भिंतीवर तीच गडद होते. सकाळी, दुपारी पावसाच्या अंधारात आणि रात्री दिव्याखाली बघून मग ठरवा.

भिंतीचा रंग शेवटी. रंगाच्या कार्डावर शेकडो छटा मिळतात, टाईल मोजक्याच. म्हणून टाईल आधी घ्यायची आणि रंग तिच्या मागून. तुम्हाला ट्रॉलीपेक्षा स्पष्ट फिकट, किंचित पिवळसर झाक असलेला पांढरा लागेल. निळसर पांढरा नको. छतालाही तोच द्या. धुता येईल असा इमल्शन घ्या.

पण हे काम गणपतीच्या आधी करू नका, ताई. भर पावसाळ्यात जुन्या भिंतीत ओल असते, त्यावर पुट्टी आणि रंग चढवला की दिवाळीपर्यंत पोपडे धरतात. टाईल्स गणपतीच्या आधी लावून घ्या, रंग दसऱ्यानंतर. तेव्हाही भिंतीला हातभर प्लास्टिक चारही बाजूंनी चिकटपट्टीने लावून एक दिवस ठेवा. आतून पाणी जमलं तर अजून थांबा. सणाला पाहुणे येतील तेव्हा कोरडी पुसलेली जुनी भिंत चालते.

प्रश्न : आमच्याकडे क्रीम ट्रॉल्या आहेत आणि पांढरी टाईल लावून झाली आहे. आता ट्रॉल्या खरंच पिवळ्या दिसतात. टाईल फोडावी का?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : फोडू नका. आधी दिवा बदला. स्वयंपाकघरात बहुतेकांकडे ६५०० केल्विनचा निळसर पांढरा एलईडी असतो, आणि त्याच्याखाली क्रीम आजारी दिसतं. खोक्यावर ४००० केल्विन लिहिलेला घ्या आणि वरच्या ट्रॉलीखाली तसलीच एक पट्टी बसवा. रात्रीपुरता निम्मा प्रश्न तिथेच सुटेल.

दुसरं, भिंतही पांढरी असेल तर ती बदला. फिका मातकट किंवा धुरकट हिरवा दिलात तर डोळा क्रीमची तुलना फक्त टाईलशी करत राहत नाही. टाईलसमोर लाकडाची एक लांब फळी लावून तिच्यावर बरण्या मांडा, पांढरा पट्टा मध्येच तुटतो. सांध्यातलं ग्राउट पांढरं असेल तर ते वरवर खरवडून बदामी रंगाचं भरून घेता येतं. टाईल न फोडता एका दिवसाचं काम आहे. एवढं करून महिनाभर राहून बघा. तरीही खटकलं, तर मला ट्रॉलीचा आणि टाईलचा भर दुपारी, दिवा बंद ठेवून काढलेला फोटो पाठवा, आणि खिडकी कुठल्या दिशेला आहे ते आठवणीने कळवा.